फणसाला जामीन

…नाय गो, तो पंखा वाईच कमी कर आधी, कागद उडतोय तुझा. नि मघाशी लिहिलंस ते राहू दे तसंच, खोडू नको. कुठवर आलो आपण? हां, कुसुमच्या दारातल्या फणसापर्यंत. आता मी बोलेन तसंच लिही हो उर्वी, शाळेतल्या निबंधासारखं करू नको त्याचं.

तर कुसुमचा फणस बरका. तुला ठाऊक आहे, पण वाचणाराला नसेल म्हणून लिही. कापा फणस असतो त्याचा गरा कडक. फोडला, बोटांनी काढला, डब्यात भरून मुंबईला धाडला, काम संपलं. बरका मऊ. गरा हातात धरला की निसटतो, नि तोंडात टाकला की घशाखाली आपणहून जातो. चवीला म्हणशील तर कापा त्याच्या पासंगाला पुरायचा नाय. पण टिकत नाय मेला. पिकला की लगेच फोडायचा, गरे काढायचे, आठळ्या, म्हणजे आतल्या बिया, वेगळ्या करायच्या, गरे बांबूच्या रोवळीवर घासून घासून रस काढायचा. त्यातल्या थोड्या रसाची सांदणं वाफवायची, बाकीच्याची साठं. साठं म्हणजे ती फणसपोळी गो, तुम्ही म्हणता ती. ताटांना तूप चोळायचं, रस ओतायचा, खळ्यात, म्हणजे दारच्या अंगणात, उन्हाला ठेवायचा, वर जुनं पातळ पसरायचं, माश्या वारायच्या, कावळे हाकायचे, संध्याकाळी आत घ्यायचं, सकाळी परत बाहेर. ते वैशाखातल्या उन्हात. नि एक फणस असता तर गोष्ट वेगळी. हे झाड बुंध्यापासून लगडायचं. एक फोडून होईस्तो दुसऱ्याचा वास सुटलेला.

हे सगळं करणारी एकटी कुसुम.

ती ह्या वाडीत आली ती नाट्याहून. माहेर खाडीकाठी, मासळी हवी तेवढी, पण दारात फणस नाय. त्यामुळे फणसाच्या रीती तिला काही ठाऊक नव्हत्या, नि तिथंच फसली बिचारी.

आपल्या वाडीत रीत आहे. झाड धरेनासं झालं की देवदिवाळीच्या सकाळी त्याला भीती घालायची. एकानं कोयती घेऊन बुंध्याशी उभं राहायचं, सालीवर वाईच घाव घालायचा नि विचारायचं, तोडू काय? मग घरातल्या दुसऱ्या माणसानं म्हणायचं, नको, पुढल्या साली देईल, मी जामीन. तीनदा विचारायचं असतं, पण तिसऱ्या खेपेपर्यंत कधी जात नाय, पहिल्यालाच कोणीतरी बोलून मोकळं होतं. मोकळं म्हणजे कसलं मोकळं, जो जामीन राहील त्याच्या गळ्यात ते वर्षभर झाड. मुळाशी शेण त्यानं घालायचं, माकडं त्यानं हाकायची, नि फळ धरलं की फोडण्यापासून वाटण्यापर्यंत सगळं त्यानंच निस्तरायचं.

कुसुम लग्न होऊन आली त्या साली झाड रुसलेलं होतं. देवदिवाळीला सासऱ्यांनी कोयती घेतलीन, नि सासू म्हणाली, नवी सून आहे, तिच्या तोंडून येऊ दे. कोणीतरी कानात सांगितलं काय म्हणायचं ते. कुसुम बोलली, पदर सावरत, खाली बघत. तिला वाटलं पूजेतलंच काहीतरी असेल. पुढल्या उन्हाळ्यात झाड असं धरलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. झालं. कुसुमचा शब्द झाडाला लागतो, हे वाडीभर झालं. सासूनं बजावलंन, आता दुसऱ्या कोणी बोलायचं नाय. मग झाड रुसो न रुसो, दर देवदिवाळीला कुसुमला धरून उभी करायची नि तिच्याकडून वदवून घ्यायचं, मी जामीन. सासू गेली, सासरे गेले, कुसुम आपली जामीनच.

नवरा तिचा श्याम. राजापूरला एसटीच्या डेपोत होता. माणूस सोन्यासारखा, तोंडाचा गोड, नि तेच कुसुमला नडलं. भेटेल त्याला म्हणायचा, आमच्याकडे फणस आहे, या हो. लोक काय, बोलावलं की येतात. ड्रायव्हर यायचे, कंडक्टर यायचे, त्यांच्या बायका रिकामे डबे घेऊन यायच्या. नणंद मैना मुंबईहून पोरांना घेऊन यायची ती मिरगापर्यंत राहायची. पडवीत पाय पसरून म्हणायची, वयनीच्या हातच्या साठांची चव कुठं मिळायची नाय. कौतुकच करायची हो, खोटं कशाला बोला. पण रोवळीला हात लावायची नाय, हात चिकट होतात ना. कुसुमच्या नखांतला चीक गणपती आले तरी निघालेला नसायचा. खोबरेल लावून लावून अंगाला तोच एक वास.

श्यामनं एकदा विचारलंन तिला, अगो, सगळ्यांना वाटतेस, तू खाताना कधी दिसत नायस. तर ती म्हणाली, संध्याकाळ झाली की वासच नको होतो. श्याम हसला, नि दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आला.

श्याम गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा उन्मेष तिकडे लोट्याला कंपनीत. पाळीची नोकरी, बस न्यायला येते, बस सोडायला येते, मधे झोप. त्याची बायको सावनी, तीही तिकडेच कॉलनीत. इथं घरात कुसुम नि धाकटा दीर धोंडू. धोंडूनं लग्न केलंन नाय, का ते विचारू नको, त्याची वेगळी गोष्ट आहे. श्यामच्या मागे देवदिवाळीची कोयती धोंडूच्या हातात आली. झाडावरून फणस उतरवायचं कामही त्याचंच. दोरी बांधून असा अलगद सोडायचा, मूल पाळण्यात ठेवावं तसा. पण फणस खळ्यात टेकला की धोंडूचं काम संपलं. मग पायरीवर बसून बिडी.

कुसुमचे गुडघे गेले. मनगट सुजायला लागलं. फणसापुढे बसली की उठताना पडवीचा खांब धरायला लागायचा, नि खांब लांब असला तर तिथंच बसून राहायची कोणी येईस्तो. तरी लोट्याहून सावनीचा फोन यायचा, आई, कॉलनीत सगळ्या विचारतायत, यंदा साठं कधी? सावनी वाईट नव्हे गो. गोड पोर, सासूचा अभिमानच तिला, माझ्या सासूबाईंच्या हातची म्हणून चारचौघींना सांगून ठेवते. श्यामचंच पुढे चालवलंन तिने. कुसुम म्हणायची, धाडते हो. फोन ठेवायची नि मग नुसती भिंतीकडे बघत बसायची.

मग अलीकडे दोन वर्षं झाड धरलंच नाय. कुसुम बोलली होती, मी जामीन म्हणाली होती, तरी धरलं नाय. नळावर बायका म्हणायला लागल्या, मनापासून बोलली नसेल. मैनेचा मुंबईहून फोन आला, वयनी, काय केलंस झाडाला?

पण कुसुमचं काय झालं ते ऐक. पहिल्या साली मे महिन्यात एक दिवस ती जेवून जरा आडवी झाली, नि जाग आली तेव्हा उन्हं उतरलेली. घाबरून उठली, काहीतरी राहिलं म्हणून. खळ्यात गेली, चुलीशी गेली, परत खळ्यात आली. काहीच राहिलं नव्हतं. दुसऱ्या साली तर नाट्याला जाऊन राहिली भावाकडे, ऐन मे महिन्यात, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. भावजयीनं केलेलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण खाल्लंन, संध्याकाळी बंदरावर जाऊन बसली, होड्या येताना बघितल्यान. बस, एवढंच. आली ती जरा माणसात आल्यासारखी दिसत होती.

हे तिने कोणाला सांगितलं नाय. एका आसियाभाभीला सांगितलंन. आसिया म्हणजे परसाच्या दगडी गडग्यापलीकडची, तिचा नवरा हाशिम दुबईला असतो. फणसाची एक फांदी गडगा ओलांडून तिच्या परसात गेलीय, त्या फांदीचे फणस आसियाचे, हे सासऱ्यांच्या वेळेपासून ठरलेलं. कुसुम गडग्याला टेकून तिला म्हणाली, "भाभी, झाड दमलं असेल. मीही दमलेय. दोघं गप आहोत तोवर बरं आहे." आसिया म्हणाली, त्या आठळ्यांची आमटी नाय मिळाली तर मी काय मरत नाय, तू झोप.

मग आली गेल्या वर्षीची देवदिवाळी. ह्या खेपेला झाडाला चांगलं दमात घ्यायचं म्हणून उन्मेष रजा काढून आला. सावनीनं बुंध्याला हळदकुंकू लावलंन, नारळ ठेवलान, उदबत्ती लावलीन. धोंडूनं धुतलेला सदरा घातलान. उन्मेष मोबाईल धरून उभा, सगळ्यांना दाखवायला. आसिया गडग्याशी आली बघायला. नि कुसुम चुलीशी घावणे घालत बसलेली, उठायचं नावच घेईना. सावनीनं हाताला धरून बाहेर आणलंन.

धोंडूनं कोयती उचललीन. सालीवर टचकन एक घाव घातलान, पांढरा चीक आला.

"काय वयनी, तोडू काय?"

सगळी कुसुमकडे बघायला लागली. बोलणार होती ती. शब्द घशाशी आलेला, इतक्या वर्षांची सवय. पण तो चिकाचा वास नाकात गेला, नि आख्खा मे महिना तिच्यापुढे उभा राहिला. ती रोवळी, ती ताटं, ती जुन्या पातळाखालची माश्यांची घूंघूं, तो लांबचा खांब. तोंड मिटलं ते मिटलंच.

धोंडूला वाटलं ऐकू गेलं नसेल. त्याने परत विचारलंन, जरा मोठ्यानं.

"मला विचारू नका, भावोजी," कुसुम म्हणाली. रागानं नव्हे हो, घरातलं मीठ संपलंय हे सांगावं तशी. "दुसऱ्या कोणाला विचारा."

उन्मेषचा मोबाईल वाईच खाली आला. "आई, एक शब्द तर बोलायचाय."

"एकच आहे ना? मग तू बोल."

उन्मेषनं तोंड उघडलंन नि मिटलंन. त्याला मे महिना दिसला असणार, कंपनीतल्या पाळ्या दिसल्या असणार, रजा मागायला साहेबापुढे उभं राहणं दिसलं असणार. त्याने सावनीकडे बघितलंन, सावनी नारळाकडे बघायला लागली.

आता तिसरी खेप. तिसऱ्या खेपेची रीत अशी की विचारणाऱ्यानं कोयती वर धरायची नि उत्तर येईस्तो खाली घ्यायची नाय. उत्तर आलंच नाय तर तोडायचं. तोंडदेखली भीती घातली असं झाडाला कळलं तर ते पुन्हा कधी ऐकत नाय, असं म्हातारी माणसं सांगायची. धोंडूनं कोयती वर धरलीन नि सगळ्यांना मिळून विचारलंन, तोडू काय?

कोणी बोलेना. गडग्यावरून आसिया म्हणाली, मी राहते जामीन, हाय काय नि नाय काय. धोंडू म्हणाला, घरातलं माणूस लागतं, भाभी. "मग घरातल्यांच्या जिभा काय मांजरानं नेल्यान?" आसियानं विचारलंन.

धोंडूचा हात थरथरायला लागला. त्याचं ते खांद्याचं दुखणं जुनं, झाडावरून पडला होता तेव्हाचं. "अरे, कोणीतरी बोला," तो म्हणाला, "खांदा धरला माझा." सावनीला हसू फुटलं, ओढणीत तोंड लपवलंन तिने. पण कुसुमला हसू आलं नाय. त्या खांद्याला थंडीत तेल चोळून द्यायची ती कुसुमच. तिला त्याचं दुखणं ठाऊक. त्याला तसा उभा बघून तिचा जीव कळवळला, नि तो मेला शब्द परत ओठाशी आला. खांब घट्ट धरलान तिने. आता बोलणार, आता बोलणार.

नि ते धोंडूनं बघितलंन. बिडी ओढत पायरीवर बसून जन्मभर ह्या बाईला राबताना बघितलं होतं त्याने, तेव्हा काही दिसलं नाय मेल्याला. त्या क्षणी मात्र कळलं, की ही आता झाडासाठी नाय बोलायची, माझ्या खांद्यासाठी बोलेल, नि परत अडकेल.

"नको," धोंडू म्हणाला. "पुढल्या साली देईल. मी जामीन."

स्वतःच विचारलंन, स्वतःच उत्तर दिलंन, नि कोयती टाकून खांदा चोळत खाली बसला. तोडणाराच जामीन राहिला, असं आमच्या वाडीत कधी कोणी ऐकलं नव्हतं. उन्मेष विचारायला लागला, काका, हे चालतं काय? धोंडू म्हणाला, मला नको विचारू, मी आता दोन्हीकडचा झालोय. कुसुम आत गेली. तव्यावरचा घावणा करपून काळा झाला होता. तो काढून तिने दुसरा घातलान.

माघात बुंध्यावर कुयऱ्या दिसायला लागल्या. इवलाले हिरवे फणस, जागा मिळेल तिथं. वाडी म्हणाली, धोंडूचा शब्दही लागला की. धोंडूचं तोंड उतरलं. नि त्याच्याहून कुसुमचं. ती रोज सकाळी पडवीत यायची, झाडाकडे बघायची नि आत जायची. म्हाताऱ्याच्यानं हे व्हायचं नाय, हे तिला दिसत होतं. शेवटी आपल्यालाच उठावं लागणार, हेही दिसत होतं. नळावर बोलणं सुरू झालंच, दीर मरतोय नि ही बसून बघतेय. ते तिच्या कानावर आलं त्या दिवशी जेवली नाय.

मे आला. आता झाडावर चढायला धोंडू गड्याला बोलवतो, पण फोडायला तोच बसला. मांडीवर गोणपाट, हाताला तेल. कोयती आडवी घातलीन, निम्मे गरे चिरले. चीक गोळा करायला काठी लागते हे विसरला, तो चीक हाताला, हाताचा गालाला, गालाचा मिशीला. कुसुम पडवीत बसून बघतेय. एका हातानं दुसरा हात धरलेला, उठू नये म्हणून. एवढंच म्हणाली, "मिशीला खोबरेल लावा आधी."

धोंडूनं तसाच चिकट हातानं उन्मेषला फोन लावलान. म्हणाला, मी जामीन राहिलो ते तुझ्या मोबाईलात आहे ना? मग ते बघत बसू नको, इकडे ये. उन्मेष आला, मिळाली तेवढी रजा काढून, सावनीही आली. उन्मेष फोडायला बसला, सावनी रोवळी घेऊन. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या बोटांची सालं गेली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली नि विचारलंन तिने, "आई, हे तुम्ही एकट्या करायचात?"

कुसुमनं खोबरेलाची बाटली तिच्यापुढे सरकवलीन.

साठं जाड झाली, काहींना बुरशी आली, दोन ताटं कावळ्यांनी नेल्यासारखीच. कितीतरी फणस खाली पडून फुटले, ते आसियाच्या बकऱ्यांनी नि वाडीतल्या गुरांनी खाल्लेन. कॉलनीतल्या बायकांना सावनीनं सांगितलंन, यंदा नाय. कोणी मेलं नाय त्यानं.

मग एका दुपारी काय झालं. राबून राबून सगळी पडवीत झोपलेली, उन्मेष एका कडेला, सावनी एका कडेला, मधे धोंडू तेलकट मिशीचा, तोंड उघडं टाकून. कुसुम तेवढी जागी. नि खळ्यात धप्पकन फणस पडला. पडला तो फुटला, वास घरभर. कुसुमला कळायच्या आत ती उठली होती, गुडघे कुरकुरले तरी उठली, खळ्यात जाऊन पोचली तेव्हा हातात कोयती. खाली बघितलंन, फणस. हाताकडे बघितलंन, कोयती. आता फोडायचा, गरे काढायचे, रोवळी आणायची, ही सगळी उठायच्या आत निम्मं होऊन जाईल, उद्यापासून मग परत तीच.

उभी राहिली तशीच. ऊन डोक्यावर.

मग कोयती पायरीवर ठेवलीन नि फणसाशेजारी बसली. फुटलेल्यातला एक गरा काढलान, तोंडात टाकलान. उन्हानं कोमट झालेला. आठळी खळ्यातच टाकलीन. दुसरा घेतलान. माश्या आल्या, त्यांना वारलंन नाय. पोट भरेस्तो खाल्लंन कुसुमनं, ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, कोणासाठी न राखता. उरलेला तसाच टाकलान. उठताना पायरीचा आधार घेतलान, हात धुतलान, चीक काही निघाला नाय, तसाच राहू दिलान, नि आत जाऊन आडवी झाली.

तिचं दमणं उतरलं असं मी म्हणणार नाय. एका उन्हाळ्यात उतरण्याजोगं नाय ते. झोपली तेव्हाही गुडघे ठणकत होते, नि उठल्यावर खळ्यातल्या माश्या तिला दिसल्याच. पण झाडून काढायला उठली ती सावनी.

आता शेवटचं लिही, नि ठसठशीत अक्षरात लिही. देवदिवाळी परत जवळ आलीय. धोंडूचा खांदा आता डोक्याच्या वर जात नाय. नि मैनेचा मुंबईहून फोन येऊन गेला, यंदा वयनीलाच उभी करा, तिचाच शब्द खरा. म्हणून जो कोणी हे वाचील नि ज्याला मुंबईत आमच्या वाडीची मैना भेटेल, त्यानं तिला एवढा निरोप द्यावा. म्हणावं, कुसुम बोलणार नाय. फणस हवा असेल तर तूच ये, बुंध्याशी उभी राहा, नि जामीन तूच राहा. येताना खोबरेलाची बाटली आण, मोठी.